तो काय म्हनस ते आयकू नको

आमचे मामा अमळनेर तालुक्यातले, कपाशी करतात, दोन म्हशी आहेत, स्वतः कधी कुठली निवडणूक लढवली नाही. पण झेडपीला, पंचायत समितीला, अगदी गावच्या सोसायटीला कोण उभं राहणार हे ते फॉर्म भरायच्या सहा-आठ महिने आधी सांगतात आणि बहुतेक वेळा खरं निघतं. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं की मामा तुम्हाला कळतं कसं, तर म्हणाले, "तो काय म्हनस ते आयकू नको, तो कोठे जास ते देख."

म्हणजे बघा, माणूस पेपरात सांगतो की माझी अजिबात इच्छा नाही, पक्ष सांगेल ते करू, पण नातं नाही गोतं नाही अशा गावात दारवर म्हणजे कोणी वारल्यावर भेटायला जायला लागलाय, गंधमुक्तीला हजर, लग्नात अक्षता टाकून निघून न जाता पंगत उठेपर्यंत थांबतोय, तर त्याचं ठरलंय.

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेचं राजकारण आवडीने वाचतो, आणि तिकडे राष्ट्राध्यक्षपदाला कोण उभं राहणार याचा अंदाज बांधताना मला मामांचं हे एकच वाक्य जितकं उपयोगी पडलंय तितकं टीव्हीवरचं कुठलंच पॅनल पडलेलं नाही, हे मी मनापासून सांगतो.

ओबामांचंच घ्या. जानेवारी २००६ मध्ये टीव्हीवर सरळ विचारलं होतं, तर ते म्हणाले मी सिनेटची टर्म पूर्ण करणार. पण सप्टेंबर २००६ मध्ये साहेब आयोवातल्या इंडियानोला नावाच्या छोट्या गावात डेमोक्रॅट लोकांच्या जेवणाच्या मेळाव्यात भाषण करत होते. आयोवा म्हणजे मका पिकवणारं राज्य, इलिनॉयच्या सिनेटरचं तिथे काय काम? काम एवढंच की पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत ज्या लढती होतात, त्यातली पहिली तेव्हा आयोवातच व्हायची. ऑक्टोबरमध्ये पुस्तक आलं, त्याच महिन्यात विचार करतोय असं कबूल केलं, आणि १० फेब्रुवारी २००७ ला स्प्रिंगफील्डला कडाक्याच्या थंडीत उमेदवारी जाहीर.

आता नेते "अजून ठरलं नाही" असं का म्हणत राहतात, तर त्यामागे कायदा पण आहे. तिकडे उमेदवार म्हणून ५,००० डॉलरपेक्षा जास्त पैसे गोळा केले किंवा खर्च केले की तुम्ही कायद्याने उमेदवार, मग १५ दिवसांत निवडणूक आयोगाकडे कागद द्यावा लागतो आणि देणगीच्या मर्यादा, हिशोब सगळं मागे लागतं. नुसती चाचपणी चालू आहे म्हटलं की तेवढी मोकळीक राहते. जेब बुश यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की मी विचार करतोय, आणि जाहीर केलं १५ जून २०१५ ला, मधले सहा महिने ते आपल्याला पाठिंबा देणाऱ्या सुपर पॅकसाठी (म्हणजे देणगीची मर्यादा नसलेल्या बाहेरच्या गटासाठी) पैसे जमवत फिरले, वर्षाच्या पहिल्या सहामाहीत तिथे १० कोटी डॉलरच्या वर जमा झाले. एवढं करून फेब्रुवारी २०१६ मध्ये साऊथ कॅरोलायना राज्यातली लढत झाल्यावर बाहेर. कोण उभं राहणार आणि कोण निवडून येणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मामा पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी देत नाहीत.

आणि पाय बघूनही चुकतं कधीकधी. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांचं विमान ऑल्बनीच्या विमानतळावर तयार उभं होतं, न्यू हॅम्पशायर राज्यात जाऊन तिथल्या पक्षाच्या लढतीसाठी अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की राज्याचं बजेट अडकलंय, मी उभा राहत नाही. विमान तिथेच राहिलं.

पण मला खरं अडकवलं ते आपल्याच राष्ट्रपतीपदाने, आणि तेही त्याच २००७ मध्ये. मी तेव्हा जळगावला शिकायला होतो. जून महिना, सगळीकडे चर्चा, शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे, प्रणवदा, करण सिंग अशी नावं चालू होती. १४ जूनला संध्याकाळी प्रतिभाताईंचं नाव आलं. आपल्या जळगावच्या, १९६२ ला इथूनच आमदार झालेल्या, नंतर एदलाबाद म्हणजे आताच्या मुक्ताईनगरमधून कितीतरी वर्षं निवडून आलेल्या! रूमवरची आम्ही सगळी पोरं खाली रस्त्यावर आलो, फटाके वाजत होते, अनोळखी माणसं पेढे देत होती. मी एसटीडी बूथवरून मामांना फोन केला, म्हटलं मामा तुम्हाला पण कळलं नाही ना. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई कोठेच गयी नही ना रे भो."

मला ते फार पटलं. आपल्याकडे राष्ट्रपतीपदासाठी कोणी गावोगाव फिरत नाही, स्वतः उठून मी उभा राहतोय असं म्हणायची रीतच नाही, नाव दुसरेच घेतात. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि ते सगळे खासदार-आमदार मतदार. म्हणून इथे पाय न बघता माणूस बसलाय कुठे ते बघावं लागतं. ताई तेव्हा जयपूरच्या राजभवनात होत्या. २०१७ ला कोविंद आले ते पाटण्याच्या राजभवनातून. २०२२ ला मुर्मू, त्या झारखंडच्या माजी राज्यपाल. त्याआधी व्यंकटरमण, शंकरदयाळ शर्मा, नारायणन हे तिघंही उपराष्ट्रपती. कलाम आणि प्रणवदा यात बसत नाहीत, ते मान्य. पण २०१७ ला टीव्हीवर मोठमोठी नावं चालू होती तेव्हा मी राज्यपालांची यादी काढून बसलो होतो आणि त्यात कोविंदांच्या नावाखाली रेघ मारली होती, त्याचा मला आजही आनंद आहे.

आता २०२८. ट्रम्प दोनदा निवडून आलेत, त्यामुळे घटनेच्या २२ व्या दुरुस्तीने त्यांना परत निवडून येता येत नाही, जागा मोकळी आहे. माझी तीन नावं मी आजच लिहून ठेवतो. जेडी व्हान्स, उपराष्ट्राध्यक्ष आहेत म्हणून तर आहेच, पण मार्च २०२५ मध्ये त्यांना रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचं फायनान्सचं काम दिलं, म्हणजे देणगी देणारा प्रत्येक मोठा माणूस त्यांना आता भेटणार. पीट बुटिजेज, डेमोक्रॅट, बायडन यांचे वाहतूक मंत्री होते, यांना मिशिगनमध्ये सिनेट पण लढवता आली असती, गव्हर्नर पण, दोन्हीला नाही म्हणाले आणि मे २०२५ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सला जाऊन सभा घेतली. तिसरे गॅविन न्यूसम, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, जुलै २०२५ मध्ये साऊथ कॅरोलायनातल्या खेड्यापाड्यांत फिरले, तिथे चर्चमध्ये, कॉफीच्या दुकानांत लोकांशी बोलत बसले, आणि २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षाची पहिली अधिकृत प्रायमरी म्हणजे उमेदवार ठरवायचं मतदान तिथेच झाली होती.

ही नावं परवा मामांना सांगितली. व्हान्स आणि बुटिजेजवर काही बोलले नाहीत. न्यूसमचं ऐकल्यावर त्यांनी हातातली विळी खाली ठेवली आणि विचारलं, "दुसऱ्यांदा गया का तठे?"