बाईंनी पूर्ण शिकवलेला धडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा काय लिहायचं हे लगेच ठरलं. स्नेहसंमेलनं, सहली, कबड्डीची ढाल यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते दहावीच्या विज्ञानातल्या एका धड्याविषयी, पुनरुत्पादनाच्या. तेव्हा बऱ्याच ठिकाणी ‘हा धडा घरी वाचून या’ म्हणत पुढे जायची रीत होती. आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी तो मुलामुलींना एकाच वर्गात बसवून शेवटच्या ओळीपर्यंत शिकवला. मी आज ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात परिचारिका आहे. त्या तासांची शिदोरी मला अजून पुरते आहे.

बाईंनी सुरुवात माणसापासून केली नाही, मासळीपासून केली. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावरचा लिलाव बघत वाढलेली आम्ही पोरं, मासळीच्या पोटातली अंड्यांची गाबोळी कुणाला ठाऊक नव्हती? पण बांगड्याची मादी ती हजारो अंडी पाण्यात सोडते, नर तिथेच शुक्राणू सोडतो आणि मग दोघांपैकी कुणीही मागे वळून बघत नाही, हे नव्यानेच कळलं. अंडी-पिल्लं बहुतेक कुणाच्या तरी पोटात जातात, म्हणून ती एवढी लागतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या त्याचं एक कारण खवळलेला दर्या, दुसरं पुष्कळ मासळीचा विणीचा हंगाम. आता तर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदीच असते. बेडकांचंही तसंच. पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन भाताच्या खाचरात ओरडणारे ते नर, आणि मिलन पाण्यातच.

मग एक दिवस बाईंनी मुशी, म्हणजे छोटी शार्क, आणली. एका विद्यार्थ्याच्या आईने लिलावाआधी पाटीतून बाजूला काढून दिलेली, पोटुशी मादी. प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बाईंनी तिचं पोट उभं चिरलं. आत बोटांएवढी पिल्लं होती, डोळे, पर, शेपूट सगळं तयार, आणि प्रत्येकाच्या छातीपाशी एक नाळ. नाळेला बारीक झुबके लागलेले. नाळेचं दुसरं टोक गर्भाशयाच्या अस्तरात घट्ट रुतलेलं. चिमट्याने हलकेच ओढूनही ते सुटेना. पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “बाई, ही तर वार!” त्याच्या घरी गाय नुकतीच व्याली होती.

वारच होती ती, आईकडून पोटातल्या पिल्लाला अन्न पोचवणारी. मुशीचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर, बलक जवळजवळ नाहीच, त्यामुळे पिल्लाला सगळं आईकडूनच मिळावं लागतं. गाईची आणि माणसाची वार वेगळ्या वाटेने घडली, मुशीची वेगळ्या. निसर्गाला एकच युक्ती दोनदा सापडली, असं बाई म्हणाल्या. नर मुशीच्या पोटाकडच्या परांना लागून असलेल्या दोन दांड्या कोळ्यांच्या मुलांना आधीपासून ठाऊक होत्या. त्या मादीच्या शरीरात शुक्राणू सोडण्यासाठी असतात, हे बाईंनी खालच्या आवाजात नव्हे, फळ्यावर आकृती काढून सांगितलं. वर्गात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालची अंडी आली. चौथ्या-पाचव्या दिवसाचं अंडं बॅटरीच्या झोतापुढे धरलं की लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसतं. मध्ये एक ठिपका धडधडत असतो, ते काळीज. त्या ठिपक्याभोवती पाण्याची एक पिशवी असते. ती मासळीच्या आणि बेडकाच्या अंड्यात नसते. कासव, पाल, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात असते. म्हणूनच या सगळ्यांना विणीसाठी पाण्यात परतावं लागत नाही, समुद्री कासवीसुद्धा अंडी घालायला उलट वाळूत येते. प्रसूती कक्षात “सिस्टर, पाणमोट फुटली” अशी हाक येते, तेव्हा ती हीच पिशवी असते.

माणसावर आल्यावर बाईंनी सांगितलेली एक गोष्ट अजून अंगावर काटा आणते. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व अंडपेशी असतात. त्यातल्या आयुष्यभरात पक्व होतात त्या साधारण चारशे. म्हणजे मी ज्या अंडपेशीपासून झाले, ती माझी आई आजीच्या पोटात असतानाच तयार झाली होती. मी आजोळी राहून शिकत होते. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापणाऱ्या आजीला मी हे सांगितलं. तिने तवा खाली उतरवून ठेवला आणि पुन्हा सांगायला लावलं. पाळीचं रक्त म्हणजे बाळासाठी दर महिन्याला तयार होणारं अस्तर, त्यात विटाळ कसला, हेही सांगितलं. ते तिने ऐकून घेतलं, पण मला बाहेर बसवायचं पुढे कितीतरी दिवस सोडलं नाही.

मुलामुलींना हे एकत्र शिकवता म्हणून एक पालक तक्रार घेऊन आले होते. बाईंनी त्यांना इथूनच जवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातल्या र. धों. कर्व्यांची आठवण दिली. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. पालक गप्प झाले की पटून गेले, मला ठाऊक नाही. तास मात्र थांबले नाहीत.

वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून कासवांची घरटी जपतात. तिथे कळलं की पिल्लू नर होणार की मादी हे वाळूची ऊब ठरवते. वाळू जास्त तापली की माद्या अधिक. माणसात ते शुक्राणूवर ठरतं, एक्स आला की मुलगी, वाय आला की मुलगा. आईच्या अंडपेशीत एक्सच असतो. हे बाईंनी फळ्यावर चौकट आखून दाखवलं होतं. आजही तिसरी मुलगी झाली की काही सासवा सुनेकडे वळून बघत नाहीत. मी तेव्हा केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीच चौकट काढते आणि नवऱ्याला बोलावून त्याच्यासमोर सासूबाईंना समजावते. काही नवरे खाली मान घालतात. एकाने तो कागद घडी करून खिशात घातला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

बाई आता निवृत्त होऊन दापोलीला असतात. नव्या मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालंय. या वर्षी दहावीच्या या धड्याचे काही तास मी येऊन घेणार आहे, मुलं-मुली एकाच वर्गात. मुशीची सोय बंदरावरचा वर्गमित्र करतोय, पण नारळी पौर्णिमेनंतर. तोवर अंड्यांपासून सुरुवात करू. कुणाकडे खुडूक कोंबडी असेल तर शाळेत कळवावं.