पॅकेट नेमकं कुठे हरवलं?

नेटवर्क हळू चाललंय म्हटलं की लोक आधी सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंग बदलणाऱ्या, पंधरा-वीस ओळी पाठवतात. बफर मोठे करा, रांगा लांबवा, हे बंद करा, ते चालू करा. सुरुवातीला मी त्या ओळींना हात लावत नाही. मला आधी एवढंच कळायला हवं असतं की पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, हरवतंय कुठे: तारेवर, कार्डाच्या आत, कार्डातून मेमरीत येताना, की पुढे कर्नलमध्ये? प्रत्येक ठिकाणचा उपाय निराळा आहे, आणि चुकीच्या ठिकाणी केलेला उपाय नुसता वाया जात नाही, खरं कारणही झाकून टाकतो.

मी सांभाळते त्या बॅकअप सर्व्हरवर दोन पोर्टचं १० गिगाबिटचं कार्ड बसवलं, त्या निमित्ताने हे लिहितेय. इंटेलची ८२५९९ चिप, लिनक्स, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आयएक्सजीबीई.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा याबद्दल माझं मत पक्कं आहे: कर्नलसोबत येतो तोच आधी वापरावा. उत्पादकाच्या साइटवरचा संग्रह उतरवून मेक चालवायचा (म्हणजे ड्रायव्हर स्वतःच बनवायचा) मोह होतो, कारण त्याचा आवृत्ती क्रमांक मोठा दिसतो. पण कर्नलमधले बरेच ड्रायव्हर आता वेगळा क्रमांक ठेवतच नाहीत. ईथटूल या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेला छोट्या आयचा पर्याय दिला की तिथे कर्नलचीच आवृत्ती दिसते, त्यामुळे दोन क्रमांकांच्या तुलनेला अर्थ उरत नाही. बाहेरचा ड्रायव्हर घ्यायचं खरं कारण एकच: तुमचं कार्ड तुमच्या कर्नलपेक्षा नवं आहे आणि कर्नल त्याला ओळखत नाही.

तशी वेळ आली तर तो डीकेएमएसमधून बसवा; ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बनवतं. नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटनंतर यंत्र सुरू होईल आणि नेटवर्क नसेल. चालू कर्नलची हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) हवीतच. ती दुसऱ्याच कर्नलची असली तर मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हर) बनतं खरं, पण चढवताना 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून नाकारलं जातं. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड नाकारणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते आणि सहीची किल्ली एमओकेमध्ये, म्हणजे यंत्राच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत, नोंदवावी लागते. ती नोंदणी रीबूटच्या वेळी स्क्रीनसमोर बसूनच पूर्ण होते, म्हणून दूरच्या यंत्रावर आधी कन्सोलची सोय पाहा. अजून एक जागा बरेच जण विसरतात. जुना ड्रायव्हर इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल-संचात, बसलेला असतो. नवा डिस्कवर ठेवला तरी बूट होताना जुनाच चढतो. इनिटरामएफएस पुन्हा बनवा आणि रीबूटनंतर खरोखर कोणता चढलाय ते तपासा.

आयएक्सजीबीईची एक खोड इथेच सांगते. एसएफपी प्लस मॉड्यूल (केबल जोडायला पोर्टमध्ये बसणारा तुकडा) त्याच्या ओळखीचं नसेल तर तो ते चालवायला नकार देतो आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, तसं लिहितो. 'अलाउ अनसपोर्टेड एसएफपी' हे पॅरामीटर १ करून मोडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेच्या) फाइलमध्ये ठेवलं की चालतं. लिंकच येत नाही म्हणून केबल बदलत बसण्याआधी डीमेसेज वाचा.

आता वेग. आयपर्फ ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक पोर्ट एकेकटा तपासला तेव्हा ९.४ गिगाबिट मिळत होते. इथे समाधान मानायला हरकत नाही. १५०० बाइटच्या एमटीयूवर (एका फ्रेममधल्या मालाची कमाल) तारेवर प्रत्येक फ्रेम, म्हणजे वेष्टनासकट पॅकेट, प्रीअँबल (सुरुवातीची खूण) आणि मधल्या मोकळ्या जागेसह १५३८ बाइट घेते आणि त्यात टीसीपीचा खरा माल असतो १४४८ बाइट. म्हणजे १० पैकी ९.४१ ही कमाल मर्यादाच आहे. (एक गिगाबिटच्या कार्डावर ९४१ मेगाबिट दिसतात ते याच हिशेबाने. ते हजारावर नेण्यासाठी धडपडणारे लोक मी पाहिले आहेत.)

दोन्ही पोर्टवर एकाच वेळी माल यायला लागला की मात्र एकूण वेग बारा-तेरा गिगाबिटच्या आसपास अडकायचा. प्रोसेसर निवांत, तारेवर सीआरसीची (फ्रेम बिघडली का ते सांगणाऱ्या तपासणीची) एकही चूक नाही.

इथे ईथटूलचा मोठ्या एसचा पर्याय कामाला येतो. तो ड्रायव्हरची सगळी मोजणी पुढ्यात टाकतो. दोन-तीनशे ओळींची ती यादी बघून घाबरायला होतं, पण मला त्यातले दोनच आकडे शेजारी ठेवून वाचायचे असतात. 'आरएक्स मिस्ड एरर्स' म्हणजे कार्डाच्या आतला बफर भरला आणि फ्रेम टाकून द्यावी लागली. 'आरएक्स नो डीएमए रिसोर्सेस' म्हणजे कार्ड द्यायला तयार होतं, पण मेमरीतल्या रिंगमध्ये (कार्ड जिथे पॅकेटं ठेवतं त्या गोल रांगेत) रिकामं डिस्क्रिप्टर (एका पॅकेटच्या जागेची नोंद) नव्हतं. इंटेलच्या एक गिगाबिटच्या ड्रायव्हरांमध्ये याच अर्थाचा आकडा 'आरएक्स नो बफर काउंट' नावाने दिसतो. दुसरा आकडा वाढत असेल तर प्रोसेसर माल वेळेवर उचलत नाहीये. दुसरा शून्यावर आहे आणि फक्त पहिला वाढतोय, तर बहुधा रिंगमध्ये जागा असूनही माल तिथवर पोचत नाहीये. मग संशय बसवर, म्हणजे कार्ड आणि मेमरीमधल्या पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्यावर.

माझ्याकडे फक्त पहिला वाढत होता. डीमेसेजमध्ये कर्नलने कारण आधीच लिहून ठेवलं होतं: उपलब्ध पीसीआय एक्सप्रेस बँडविड्थ १६ गिगाबिट, पाच जीटीचा (दर लेनचा वेग) एक्स ४, म्हणजे चार लेनचा, दुवा, कार्डाची क्षमता ३२ गिगाबिट, एक्स ८. स्लॉट दिसायला पूर्ण लांबीचा, पण आत तारा चारच लेनच्या. पीसीआय पॅकेटांचा स्वतःचा खर्च वजा केला की सोळाचे साधारण तेवढेच उरतात जेवढे मला दिसत होते. एलएसपीसीआयला (बसवरची उपकरणं दाखवणाऱ्या आज्ञेला) दोन व्ही दिले की 'लिंक कॅप' (क्षमता) आणि 'लिंक स्टेटस' (प्रत्यक्ष स्थिती) या ओळी एकाखाली एक येतात. त्या जुळत नसतील तर कुठलंही सिसकंट्रोल तुम्हाला वाचवू शकत नाही. कार्ड प्रोसेसरला थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये हलवलं आणि पहिला आकडा थांबला.

रस्ता मोकळा झाल्यावर दुसरा आकडा हलू लागला, रात्री सगळे बॅकअप एकदम सुरू होतात त्या वेळी. रिंग मोठी करायची वेळ ही. ईथटूलच्या छोट्या जीने आत्ताचा आणि कमाल आकार दिसतो, मोठ्या जीने बदलता येतो. मूळचे ५१२ मी २०४८ केले. सरळ कमाल आकडा का नाही? रिंग जितकी मोठी तितका माल प्रोसेसरच्या कॅशबाहेर सांडतो, आणि गर्दीत पॅकेट रिंगमध्ये जास्त वेळ थांबून राहतं. गळती थांबेल तेवढं वाढवावं आणि तिथेच सोडावं. बदल करताना लिंक क्षणभर पडू शकते, म्हणून तो चालू बॅकअपच्या मध्ये करू नये.

इंटरप्टचं (कार्ड प्रोसेसरला थांबवून 'माल आलाय' सांगतं त्याचं) गणितही एकदा मांडून बघण्यासारखं आहे. १० गिगाबिटवर मोठ्या फ्रेम सेकंदाला सुमारे ८ लाख १३ हजार येतात. ६४ बाइटच्या असतील तर १ कोटी ४८ लाख ८० हजार, म्हणजे एका पॅकेटमागे ६७ नॅनोसेकंद. प्रत्येकामागे इंटरप्ट परवडणार नाही. म्हणून कार्ड थोडं थांबून एकदम सांगतं, आणि एनएपीआय (कर्नलचा पॅकेट उचलणारा भाग) एका इंटरप्टमध्ये पॅकेटांची पूर्ण खेप उचलतो. हा थांबण्याचा काळ आयएक्सजीबीई मुळात स्वतःच जुळवून घेतो. बॅकअपसारख्या कामाला मी त्याला हात लावलेला नाही. एकेका उत्तराचा विलंब महत्त्वाचा असेल, तिथेच हा आकडा हाताने बांधण्यात अर्थ आहे.

त्या व्हायरल ओळींमधली 'नेटडेव्ह मॅक्स बॅकलॉग' (कर्नलमधल्या एका रांगेची कमाल लांबी) मला विशेष खटकते. ती रांग आरपीएस (पॅकेटांचं काम प्रोसेसरांमध्ये वाटणारी सोय) चालू असेल तेव्हा किंवा लूपबॅकसारख्या आभासी इंटरफेसला लागते. साधा एनएपीआय ड्रायव्हर त्या रांगेतून जातच नाही. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) सॉफ्टनेट स्टॅटचा दुसरा स्तंभ, म्हणजे त्या रांगेत टाकून दिलेली पॅकेटं, शून्य असेल तर ती ओळ वाढवून काहीही होणार नाही. तिसरा स्तंभ (काम उरलेलं असताना थांबावं लागल्याच्या वेळा) झपाट्याने वाढत असेल तर मात्र 'नेटडेव्ह बजेट' (एका फेरीत किती पॅकेटं उचलायची) बघा.

टीसीपी बफरचंही तसंच. १० गिगाबिट आणि ४० मिलिसेकंदांचा फेरा (पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ) असेल तर ५० मेगाबाइट वाटेत असतात, आणि 'टीसीपी आरमेम'ची (टीसीपीच्या घेण्याच्या बफरची) जुन्या कर्नलांतली नेहमीची ६ मेगाबाइटची कमाल तिथे खरोखर अपुरी पडते. माझा फेरा आहे ०.२ मिलिसेकंद. त्याला २५० किलोबाइट पुरतात. म्हणून तिथे मी काहीच बदललं नाही.

गेटवेवर (बाहेरच्या नेटवर्कला जोडणाऱ्या यंत्रावर) फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी दुसरी प्रणाली आहे, तिथे याच घराण्याच्या कार्डाला आयएक्स ड्रायव्हर लागतो. पॅकेट पुढे पाठवणाऱ्या यंत्रावर एलआरओ बंद हवं, कारण ते आलेली पॅकेटं जोडून मोठी करतं आणि मूळ हद्दी पुसल्या जातात. आयएफकॉन्फिगमध्ये (नेटवर्कच्या सेटिंगच्या आज्ञेत) एलआरओआधी उणे चिन्ह टाकलं की झालं. रिंगचा आकार १२ व्या आवृत्तीपासून आयएफलिबच्या (ड्रायव्हरांच्या सामाईक ढाच्याच्या) 'ओव्हरराइड एनआरएक्सडीएस'ने ठरतो आणि तो लोडरच्या (बूट होताना वाचल्या जाणाऱ्या) फाइलमध्येच लिहावा लागतो. जुन्या लेखांतलं 'एचडब्ल्यू आयएक्स आरएक्सडी' आता उपयोगाचं नाही.

राहिला लिनक्सवरचे बदल टिकवण्याचा प्रश्न. ईथटूलने केलेलं रीबूटला पुसलं जातं. मी सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) डॉट लिंक फाइलमध्ये 'आरएक्स बफर साइझ' २०४८ लिहिलंय आणि वर टिप्पणीत तो का वाढवला, त्या रात्री मोजणी किती होती, हेही लिहून ठेवलंय. पुढे कर्नल बदलला की आधी ती ओळ काढून मोजणी पुन्हा वाचणार, गरज दिसली तरच परत टाकणार.