एक्स-टी५ आणि ओएम-१ : नऊ महिन्यांच्या वापराची नोंद

गेल्या नोव्हेंबरात मी ओएम सिस्टिमचा ओएम-१ हा कॅमेरा एका छायाचित्रकाराकडून वापरलेला विकत घेतला, तेव्हा फुजीफिल्मचा एक्स-टी५ माझ्याकडे दोन वर्षांपासून होता आणि त्याच्याविषयी माझी काही तक्रार नव्हती. वारी, वाडे, देवळे, किल्ले आणि घरातली माणसे या सगळ्यांसाठी तो मला पुरत होता. दुसरा कॅमेरा घेण्यामागे एकच हेतू होता, तो म्हणजे पक्षी चौकटीत मोठे दिसावेत. ओएम-१ मधल्या मायक्रो फोर थर्ड्स या लहान आकाराच्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) ४०० मिलिमीटरची लेन्स ८०० सारखी होते, हे मी इतक्या वेळा ऐकले होते की त्याची शहानिशा करावी असे कधी मनात आले नाही. नऊ महिन्यांच्या वापरानंतर आता सांगता येते की ओएम-१ घेतला हे योग्यच झाले, परंतु ज्या कारणासाठी घेतला ते कारण बहुतांशी चुकीचे होते.

आधी हा लांब पल्ल्याचा हिशेब मांडते, कारण माझ्यासारखे अनेक जण नेमके येथेच फसतात. एक्स-टी५ च्या सेन्सरची रुंदी २३.५ मिलिमीटर असून त्यावर आडवे ७,७२८ पिक्सेल आहेत. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ३.०४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा येते. ओएम-१ चा सेन्सर १७.३ मिलिमीटर रुंद आणि त्यावर ५,१८४ पिक्सेल, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.३४ मायक्रॉन. आता वीस मीटर अंतरावर बसलेला पंचवीस सेंटिमीटर लांबीचा कवड्या खंड्या डोळ्यांसमोर आणा. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर पावणेचार मिलिमीटर लांबीची पडते, मग कॅमेरा कोणताही असो. त्या पावणेचार मिलिमीटरमध्ये एक्स-टी५ चे सुमारे १,२३० पिक्सेल बसतात आणि ओएम-१ चे सुमारे १,१२०. याचा अर्थ असा की फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिलिमीटरमधला पल्ला, समान असेल तर पक्ष्याचा तपशील ४० मेगापिक्सेलच्या फुजीवरच थोडा अधिक मिळतो. ओएम-१ ची चौकट केवळ आधीच कातरलेली असते. मला आज पक्षी मोठे मिळतात, कारण ओएम-१ वर माझी लेन्स १००-४०० ची आहे आणि फुजीवर ७०-३०० ची. हे श्रेय लेन्सचे आहे, सेन्सरचे नाही. ही आकडेमोड कॅमेरा घेण्याआधी केली असती, तर मी कदाचित फुजीसाठीच मोठी लेन्स घेतली असती आणि पुढे जे सांगणार आहे त्याला मुकले असते.

ओएम-१ चे खरे सामर्थ्य मला घरात, पंख्याखाली समजले. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर सगळी चौकट एकाच क्षणी टिपत नाही, तर वरपासून खालपर्यंत ओळीमागून ओळ वाचत जातो. शटरवेग १/४००० ठेवला तरी पहिली आणि शेवटची ओळ यांच्यातला कालावधी त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. भर दुपारी खिडकी उघडी ठेवून मी छताचा पंखा पूर्ण वेगाने सुरू केला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक शटरवर खालून फोटो घेतले. एक्स-टी५ च्या फोटोत पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकलेली आली, एक पाते तर मुळाशी रुंद आणि टोकाला जवळजवळ आडवे वळलेले. ओएम-१ च्या फोटोत पाती किंचित झुकलेली होती, पण ती पाती आहेत हे सांगावे लागत नव्हते. ओएम-१ चा स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचनासाठी थरांत रचलेला, सेन्सर संपूर्ण चौकट साधारण १/१२५ सेकंदात वाचून काढतो. मिनिटाला साडेतीनशे फेरे घेणारा पंखा तेवढ्या वेळात सुमारे सतरा अंश फिरतो आणि फोटोतला बाक त्याच्याशी जुळणारा आहे. एक्स-टी५ चा सेन्सर बारीक तपशिलासाठी घडवलेला आहे, वाचनाच्या वेगासाठी नाही, आणि यांत्रिक शटर वापरले की हा दोष त्याच्यातही उरत नाही. परंतु यांत्रिक शटर भूतकाळात जाऊ शकत नाही, आणि पक्ष्यांच्या बाबतीत मला नेमके तेच हवे होते.

भूतकाळात जाणे म्हणजे काय, ते भिगवणच्या एका सकाळीवरून सांगते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूला, डिसेंबरात मी नावेतून पाण्यात गेले होते. एक कवड्या खंड्या पाण्यात उभ्या असलेल्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर बसला होता. तो उडणार हे कळते, केव्हा उडणार हे कळत नाही; आणि माणसाचे बोट डोळ्याच्या मागे किमान पाचवा हिस्सा सेकंद तरी असतेच. ओएम-१ च्या प्रो कॅप्चर या सुविधेत शटरचे बटण अर्धे दाबून ठेवले की कॅमेरा चौकटी सतत तात्पुरत्या साठवत राहतो आणि बटण पूर्ण दाबताच त्या आधीच्या चौकटीही कार्डावर उतरतात. मी ती सेकंदाला २५ चौकटींवर ठेवते. ५० चौकटींचा वेग ठरावीक लेन्सवरच मिळतो. खंड्या उडाला, मी बटण दाबले, आणि घरी आल्यावर पाहिले तर बटण दाबण्याआधीच्या बारा चौकटी हाती होत्या. चौथीत त्याने मान खाली घातली होती, सहावीत पंख अर्धे उघडले होते पण पाय फांदीवरच होते, आणि सातवीत डाव्या पायाची नखे सुटलेली असून उजव्या पायाची एक नखी अजून सालीत अडकलेली दिसत होती. ही चौकट मला दोन वर्षांत फुजीवर मिळाली नव्हती. बटण पूर्ण दाबण्याआधीची चौकट फुजीतही घेता येते, कारण त्यातही अशी पूर्वग्रहणाची सोय आहे, परंतु ती इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालते आणि तेथे पंख्याच्या पात्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

या सुविधेचा एक परिणाम मला विशेष मोलाचा वाटतो. रोहितांच्या थव्याचे उड्डाण टिपण्यासाठी नाव थेट थव्यात घालायला लावणारे छायाचित्रकार आपण सर्वांनी पाहिले आहेत. हजारो किलोमीटरचा नसला तरी मोठा प्रवास करून आलेले आणि चिखलात अन्न शोधणारे पक्षी केवळ एका फोटोसाठी उठवणे हे मला पूर्वीही पटत नव्हते, पण आता त्याला छायाचित्रणाच्या अंगानेही काही सबब उरलेली नाही. नाव दूर उभी करून थांबावे. पक्षी आपल्या गरजेने उडेल तेव्हा चौकट आपल्या हातात असते. त्याची किंमत एवढीच की एका सकाळी दोन-अडीच हजार फोटो जमतात आणि ते निवडायला दोन संध्याकाळी जातात.

हाताच्या स्थिरतेविषयी थोडक्यात. ओएम-१ बद्दल आठ स्टॉपपर्यंतच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) स्थिरीकरणाचा उल्लेख होतो, तो बॉडी आणि लेन्स एकत्र काम करतात तेव्हाचा आहे आणि माझी १००-४०० ही पहिली आवृत्ती त्या सुविधेला साथ देत नाही. घेणाऱ्याने हे आधी तपासावे. कॅमेरा आणि लेन्स मिळून वजन सव्वासतराशे ग्रॅमच्या आसपास जाते. दोन तास नावेत बसून ते पेलते, चालताना जाणवते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आंबोलीला गेले, ते प्रामुख्याने ओएम-१ वरच्या ६० मिलिमीटर मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्ससाठी. ही लेन्स अवघी १८५ ग्रॅमची आहे आणि फुजीच्या ८० मिलिमीटर मॅक्रोचे वजन ७५० ग्रॅम आहे. रात्री अकरा वाजता एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात कॅमेरा आणि वरून पाऊस अशी स्थिती असताना हा फरक कागदावरचा राहत नाही. आंबोली टोड हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी, शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केलेला, सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) खडकांत साचलेल्या उथळ पाण्यात पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस प्रजनन करतो. त्याच्या डोळ्यावर फोकस केला की नाकपुडी धूसर होते. ओएम-१ फोकस थोडा थोडा सरकवत तीन ते पंधरा चौकटी घेतो आणि त्यांचे एकच चित्र कॅमेऱ्यातच जुळवून देतो. मी खडकावर तांदळाची पिशवी ठेवली, त्यावर कॅमेरा टेकवला, आठ चौकटी ठरवल्या आणि श्वास रोखून बटण दाबले. पडद्यावर चित्र जुळून आले तेव्हा टोडच्या पाठीवरचा प्रत्येक उंचवटा, डोळ्याभोवतीची सोनेरी कड आणि पुढच्या पायाची बोटे एकाच वेळी स्पष्ट होती. मात्र अकरापैकी चारच प्रयत्न साधले. उरलेल्या वेळी एक तर टोडचा गळा हलत होता, नाहीतर पाण्यावर थेंब पडत होते. गळा फुगवून ओरडणाऱ्या नरावर ही पद्धत चालतच नाही, तेथे फ्लॅश आणि एकच चौकट हाच मार्ग आहे. कोणत्याही बेडकाला हात लावून सोयीच्या दगडावर बसवायचे नाही, हा आमच्या गटाचा नियम आम्ही पाळला. फुजीतही फोकस सरकवत चौकटी घेता येतात, पण त्या संगणकावर जुळवाव्या लागतात. त्यामुळे फसलेला प्रयत्न घरी आल्यावर कळतो आणि तोवर टोड आणि पाऊस दोन्ही मागे राहिलेले असतात.

आता एक्स-टी५ कडे वळते. येथवर वाचून तो मागे पडला असे कोणास वाटले असेल तर ते खरे नाही. कार्तिकातल्या काकडआरतीचे फोटो मी दरवर्षी आमच्या गावच्या देवळात काढते. पहाटेचा दगडी सभामंडप, कोपऱ्यात एक एलईडी दिवा, बाकी सारा प्रकाश समया आणि निरांजनांचा. घरी समान ॲपर्चर (लेन्सचे प्रकाशद्वार) आणि ६४०० आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ठेवून तुलना केली, तेव्हा दोन सेन्सरांतला फरक अपेक्षेपेक्षा कमी निघाला. फुजीच्या सेन्सरचे क्षेत्रफळ ओएम-१ च्या सुमारे १.६ पट आहे, म्हणजे फरक एका स्टॉपपेक्षा कमी, आणि १२ बाय १८ इंचांच्या छापील प्रतीत तो शोधावा लागतो. देवळात फुजी सरस ठरतो तो माझ्याकडच्या, भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या एफ/२ च्या २३ मिलिमीटर लेन्समुळे, आणि त्याहूनही वरच्या चाकांमुळे. आयएसओ, शटरवेग आणि प्रकाशभरपाई या तिन्ही गोष्टी मला कॅमेरा बंद असतानाही वरून वाचता येतात. अंधारात पडदा उजळून कोणाच्या भक्तीत व्यत्यय आणावा लागत नाही. एलईडीखाली मात्र इलेक्ट्रॉनिक शटर दोन्ही कॅमेऱ्यांत टाळते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-अधिक होतात आणि आडवे पट्टे उमटतात. यांत्रिक शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले की ते जातात.

रंगांच्या बाबतीत मी पक्षपाती आहे आणि तसे स्पष्ट सांगते. फुजीच्या नॉस्टॅल्जिक निगेटिव्ह या फिल्म सिम्युलेशनमध्ये (जुन्या फिल्मसारखे रंग देणाऱ्या सोयीत) निरांजनाच्या उजेडातला चेहरा आणि हळदीकुंकवाचा रंग ज्या ऊबेने येतो, तसा मला ओएम-१ च्या फायलीतून तासभर खपूनही आणता आलेला नाही.

एक निर्णय या काळात बदलला. ओएम-१ आल्यावर फुजीची ७०-३०० विकायची असे मी ठरवले होते. मग यंदा तुकोबांच्या पालखीसोबत बेलवाडीच्या गोल रिंगणाला गेले. दोन्ही कॅमेरे खांद्यावर होते, पण अश्व कडेने वळून माझ्या बाजूला आला तेव्हा ओएम-१ वरच्या १००-४०० ची सुरुवातच लांब पल्ल्याने होत असल्याने १०० मिलिमीटरलाही चौकटीत फक्त घोड्याचे तोंड आणि स्वाराची मांडी मावत होती. फुजीवर ७० मिलिमीटरला अश्व, मागे धावलेली धूळ आणि त्या धुळीकडे टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी सरसावलेले वारकरी, हे सारे एकत्र आले. यांत्रिक शटर, सेकंदाला पंधरा चौकटी, पाय सरळ. त्यातली एक चौकट आता १२ बाय १८ वर छापून घेतली आहे. फुजीची चौकट मुळातच तीनास दोन असल्याने या कागदावर ती जशीच्या तशी बसते. ओएम-१ ची चारास तीन चौकट वरून किंवा खालून कापावी लागते, आणि रचना करतानाच ते ध्यानात न ठेवल्यामुळे भिगवणच्या एका चित्रबलाकाचे पाय मी प्रिंटमध्ये गमावले आहेत.

तेव्हा ७०-३०० राहणार. सप्टेंबरात कासला जाण्याचे नक्की आहे. तेथे सड्यावरची सीतेची आसवे वाऱ्यावर क्षणभरही स्थिर राहत नाहीत, म्हणून कॅमेऱ्यातली चौकटींची जुळवणी तेथे कितपत टिकते ते पाहायचे आहे. शटरवेग १/५०० च्या वर आणि चौकटी आठऐवजी पाच ठेवून, सकाळी सातच्या आत, वारा सुटण्यापूर्वी पहिला प्रयत्न करीन. त्याच फुलांचा फुजीवर एकेका चौकटीचा संचही घेईन, म्हणजे पुढच्या नोंदीत दोन्ही शेजारी ठेवता येतील.