जाळीवरचं निळं

गुरुवारी सकाळी पावणेबाराला मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, म्हणजे नमुन्यात कोणती प्रथिनं आहेत ते ओळखणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. पाच आठवडे त्याची वाट पाहत होते. फाईल उघडली तर पहिल्या ओळीत गॅमा-ग्लायडिन. दुसऱ्या ओळीतही ग्लायडिनच. तिसरीत ग्लुटेनिन. सगळी दाण्यातली साठ्याची प्रथिनं. ज्या नावासाठी मी अख्खा मागचा हंगाम आणि त्यानंतरचे दहा महिने घातले, ते आठव्या ओळीत होतं, जेमतेम दोन पेप्टाइडांच्या, म्हणजे प्रथिनाच्या दोन तुकड्यांच्या, आधारावर.

मी नागपुरात गव्हाच्या दाण्यातल्या पेशीभित्तिकांवर काम करते. दाणा भरत जातो तशी त्या भिंतींमधली प्रथिनं कशी बदलतात, हा माझा विषय. गहू म्हटलं की लोकांना पीठ दिसतं, भिंत कोणालाच दिसत नाही. भ्रूणपोषाचं, म्हणजे दाण्यातल्या पिठाच्या गाभ्याचं, वजन शंभर ग्रॅम धरलं तर त्यात भिंती असतात दोन-तीन ग्रॅम. पण पोळीची कणीक किती पाणी ओढते, यात त्या दोन-तीन ग्रॅमचा मोठा हात असतो. आणि फलन झाल्यावर पहिले काही दिवस तर आत भिंतीच नसतात. एका पातळ रसात केंद्रकं मोकळीच दुणावत असतात. मग त्यांच्यामध्ये भिंती उभ्या राहतात, पेशी ताणतात, चीक भरतो, चिकाचं पीठ होतं. या सगळ्या काळात भिंतीतली माणसं बदलत जातात असं मला नेहमी वाटतं. सुरुवातीला भिंत सैल करणारी, बांधणारी एन्झाइमं, मग फेरुलिक आम्लाच्या जोडांनी ती आवळणारी पेरॉक्सिडेजं, आणि शेवटी राखणदार. बुरशी भिंत पोखरायला झायलनेज नावाचं एन्झाइम सोडते. त्या झायलनेजला अडवणारं प्रथिन दाण्यात आधीपासून तयार असतं.

माझा पट्टा त्याच राखणदाराचा आहे, असं मी धरून चालले होते. प्रथिनं वजनानुसार वेगळी करून निळी रंगवतात त्या जेलवर चाळीस किलोडाल्टनच्या आसपास, फुलोऱ्यानंतर १० दिवसांच्या नमुन्यात पुसट, १५ ला जरा ठळक, २५ ला गडद निळा. झायलनेज इन्हिबिटरचा, म्हणजे या अडवणाऱ्या प्रथिनांचा, एक गट बरोबर याच वजनाचा. दाणा पक्व होत जातो तसा राखणदार वाढत जातो, ही गोष्ट इतकी सुरेख जुळत होती की सरांनी परिषदेला सारांशही पाठवून दिला.

अडचण अशी की गॅमा-ग्लायडिनही याच वजनाच्या टापूत येतं.

भिंतीची प्रथिनं काढणं हे काम बाहेरच्या माणसाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याच शाखेतल्या निम्म्या लोकांना कळत नाही. केंद्रक किंवा हरितलवक वेगळं काढता येतं, कारण त्याला पडदा असतो. भिंतीला तसं कुंपण नाही. पेशी फोडली की आतलं सगळं भिंतीवर सांडतं आणि चिकटतं. म्हणून आम्ही कोवळा दाणा टोकाला कापून बोटांनी गाभा दाबून काढतो, म्हणजे साल आणि अंकुर मागे राहतात. लिक्विड नायट्रोजनमध्ये कुटतो. आम्ल बफरमध्ये साखरेचं प्रमाण वाढवत वाढवत तीनदा सेंट्रिफ्यूज करतो, म्हणजे जड भिंती खाली बसतात. मग तो साका नायलॉनच्या जाळीवर टाकून थंड खोलीत, चार अंशांवर, लिटर-लिटर बफरनं धुतो. बोटं बधिर होतात. शेवटी कॅल्शियम क्लोराइड आणि मग लिथियम क्लोराइड, म्हणजे भिंतीला विद्युतभारानं धरून बसलेली प्रथिनं सुटून येतात. ग्लायडिन मिठाच्या पाण्यात फारसं उतरत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण दाण्यातला साठ्याच्या प्रथिनांचा ढीग भिंतीपेक्षाही कितीतरी मोठा असतो. त्यातलं शंभरात एक उतरलं तरी माझ्या राखणदाराला झाकून टाकतं.

ते उतरलं कसं, याचं उत्तर जाळीत होतं. आमची जाळी २५ मायक्रॉनची. ही पद्धत मुळात कोवळ्या रोपांसाठी बसवलेली, तिथे स्टार्चचा असा डोंगर नसतो. आणि खरेदीत जी मंजूर झाली ती जाळी वापरायची, दुसरी मागितली की पुन्हा तीन कोटेशनं आणि चार महिने. गव्हातला स्टार्चचा मोठा कण १० ते ३५ मायक्रॉनचा असतो. कोवळ्या दाण्यात कण लहान, ते जाळीतून निघून जातात. २५ दिवसांच्या दाण्यात ते फुगलेले असतात, ते जाळीवर अडकतात, आणि साठ्याचं प्रथिन त्यांच्या अंगाला लिंपलेलं असतं. माझा पट्टा दाण्याच्या वयाबरोबर वाढत होता तो यामुळे! मी भिंत मोजत नव्हते, जाळीची भोकं मोजत होते.

दुपारी दोनला मी उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून मागच्या वर्षीचा २५ दिवसांचा उरलेला साका काढला. त्याचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला, दुसरा ७० टक्के अल्कोहोलनं दोनदा धुतला. ग्लायडिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, ऑस्बोर्न या रसायनशास्त्रज्ञानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाण्याची प्रथिनं याच गुणांवरून वेगळी केली होती. मग दोन्ही भागांचा मीठ-अर्क काढला आणि रात्री जेल चालवलं. साडेनऊच्या सुमारास रंग धुवून निघाला तेव्हा डावीकडच्या रकान्यात ओळखीचा जाड निळा पट्टा होता आणि उजवीकडे त्याच जागी केसासारखी एक रेघ. ट्रे हातात धरून मी लाइट बॉक्सपाशी बराच वेळ उभी होते. ती रेघ तरी राखणदाराची आहे का? असेलही. पण अल्कोहोलनं भिंतीची खरी प्रथिनंही तिथल्या तिथे गोठून बसतात, मग ती मिठानं सुटत नाहीत. म्हणजे डावीकडे खोटं जास्त आणि उजवीकडे खरंही कमी. मधला आकडा माझ्याकडे नाही.

जेलपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीनं झोप लागली नाही.

सप्टेंबरात आमच्याकडे डिझर्टेशनला आलेल्या मुलीनं धुतलेल्या साक्यावर आयोडीनचा थेंब टाकला होता; स्टार्च असेल तर तो निळा होतो. मी सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून टाकला. सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून म्हणाली, "ताई, हे तीनदा धुतलं तरी निळंच होऊन राहिलं." मी कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, "थोडं राहतंच गं." शुक्रवारी सकाळी तिची वही मागून घेतली. त्यात बारीक अक्षरात होतं: २५ दिवस, जाळीवर निळं, कडेला जास्त, ताईंना विचारलं, थोडं राहतं म्हणाल्या. खाली तारीख. आणि त्याखाली, पान तपासल्याची माझी सही.

ती मुलगी समोर उभी होती. मी म्हटलं, "तू बरोबर होतीस." ती म्हणाली, "मला वाटलं माझंच धुणं कच्चं राहिलं." पाच महिने तिला तसं वाटत होतं, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे.

सरांना सगळं दाखवलं. सारांश मागे घ्यावा असं माझं म्हणणं. सर म्हणाले, "मागे कशाला घ्यायचा, नावाआधी 'संभाव्य' लिही, आठव्या ओळीत आहेच ना ते." सर वाईट माणूस नाहीत. माझी फेलोशिप मार्चअखेर संपते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवतं. पण 'संभाव्य' या शब्दाखाली आमच्या क्षेत्रात किती ग्लायडिन पुरलेलं असेल, या विचारानं मला राग येतो. मी मागे घेण्याचा मेल लिहून त्यांच्याकडे पाठवला. परिषदेला पाठवायला त्यांची संमती लागते. उत्तर आलेलं नाही.

शनिवारी आम्ही दोघी सकाळी सातला काटोल रोडच्या बाजूच्या वावरात गेलो. यंदाचा गहू अजून उभा आहे, एवढं बरं. ओंबीच्या मधोमध पहिले पिवळे परागकोश दिसले त्या दिवशी लाल दोरा बांधलेला, त्याला २५ दिवस झाले होते. उन्हं फेब्रुवारीतच चटके देऊ लागलीत, दाणा मागच्या वर्षीपेक्षा लवकर घट्ट व्हायला लागलाय. नखानं दाबला तर चीक नाही, मऊ पिठाची गोळी आली. म्हणजे दोऱ्याचे २५ दिवस दोन्ही वर्षी सारखेच, पण दाण्याचं वय सारखं नाही. हा वेगळाच घोर.

दुसऱ्या विभागातून ६० मायक्रॉनच्या जाळीचा वीतभर तुकडा उसना आणला होता. भ्रूणपोषाच्या पेशी मोठ्या, त्यांच्या भिंतींचे तुकडे या जाळीवर टिकतात आणि स्टार्च खाली जातो. बारीक तुकडेही खाली जातात, तेवढं नुकसान सोसायचं. या वेळी थेंब तिनंच टाकला. आधी ती पाहत राहिली, मग मला जागा दिली. चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखे भिंतींचे पापुद्रे, आयोडीननं नुसते पिवळट. एका घडीत दोन निळे कण.

"अजून एकदा धुवू?" तिनं विचारलं.

आम्ही आणखी एक लिटर बफर बनवायला घेतला.