दिवाडी बेट पुन्हा पाहताना : नार्व्याची फेरी आणि जांबोटीपुढचा रस्ता

"चोर्ला रस्ता आता झाला आहे, सकाळी न्याहारी करून बेळगाव सोडा आणि दुपारी दिवाडीवर जेवायला बसा" असे ज्या स्नेह्यांनी आम्हांला छातीठोकपणे सांगितले, त्यांनी तो रस्ता यंदाच्या पावसाळ्यानंतर पाहिलेला नसावा. त्यांच्या शब्दावर विसंबून आम्ही ऑक्टोबरात दोन कुटुंबे एका मोटारीतून निघालो आणि बेटावर पोहोचलो तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. गोव्यातील मांडवी नदीतल्या या दिवाडी बेटाविषयी भरभरून बोलणारे बेळगावात पुष्कळ भेटतात. पण तेथे पोहोचायचे कसे, हे नीट सांगणारा कोणी भेटत नाही. त्यामुळे पुढील मजकुराचा मोठा भाग रस्त्याने व्यापला आहे.

चोर्ला घाटाने गोव्यात उतरण्यासाठी पिरनवाडी नाक्यावर जांबोटीकडे वळल्यापासून किणये आणि पुढे कुसमळीपर्यंत तक्रारीला जागा नाही. जांबोटी मागे पडली आणि कणकुंबीची दिशा धरली की हाल सुरू होतात. डांबर आहे, पण ते खड्ड्यांच्या कडेकडेने उरलेले आहे. मधूनच नव्या डांबराचा गुळगुळीत तुकडा लागतो, चालकाचा पाय नकळत वेगावर जातो आणि तो तुकडा जेथे संपतो तेथे रस्ता एकदम वीतभर खाली उतरतो. आमच्या गाडीचे पोट पहिल्यांदा घासले ते अशाच ठिकाणी. खड्डे बुजवण्यासाठी टाकलेली खडी चाकांनी उडून कडेला गेलेली असते आणि दुचाकीस्वार समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी कडेला सरकला की नेमका तिच्यावरून घसरतो. एका वळणावर मालाने भरलेला ट्रक पाटा तुटून आडवा उभा होता. मागच्या चाकांना दगडांची उटी लावलेली, इशारा म्हणून पन्नास पावलांवर झाडाची एक ओली फांदी रस्त्यात टाकलेली आणि क्लीनर बाजूला बसून शांतपणे डबा खात होता. त्याला म्हणे तेथे आदल्या रात्रीपासून मुक्काम घडला होता. दोन्ही बाजूंच्या गाड्या एकेक करून त्या ट्रकला वळसा घालत होत्या आणि त्यात आमचा तासभर गेला.

या दुर्दशेचे कारण अनाकलनीय नाही. कणकुंबीचा पट्टा जिल्ह्यातील सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक. मलप्रभेचा उगम तेथलाच. अशा पावसात भिजून मऊ झालेल्या रस्त्यावरून गोव्याकडे जाणारी अवजड वाहने धावतात. त्यांच्यावर बंदीचे आदेश निघतात, ते काही दिवस पाळलेही जातात आणि मग पुन्हा सारे पूर्ववत होते. माझे मत स्पष्ट आहे : पावसाळा संपल्यापासून दुरुस्ती खरोखर पूर्ण होईपर्यंत जमिनीलगत बसणारी मोटार घेऊन या रस्त्याने जाऊ नये, आणि अंधार पडल्यावर तर कोणत्याही वाहनाने जाऊ नये. दुरुस्ती झाली की नाही, हे बेळगावात बसलेल्या माणसाला विचारू नये. जांबोटीच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या टेंपोचालकाला विचारावे. खानापूर, रामनगर, अनमोड घाटमार्गे मोले आणि फोंडा करून जुन्या गोव्याला उतरणे लांबचे पडते, पण नार्व्याच्या फेरीबोटीखेरीज दिवाडीची दुसरी फेरीबोट तेथूनच सुटते आणि मणके शाबूत राहतात. आम्ही परतताना तोच मार्ग धरला.

गोव्याची हद्द लागल्यावर मात्र चोर्ला घाटाचा रस्ता असा सुधारतो की आपण कोणत्या राज्याचे नागरिक आहोत याची लाज वाटावी. केरी येथे कर्नाटकाच्या क्रमांकाची गाडी हमखास थांबवली जाते. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि परवाना मोबाईलमध्ये न शोधता हातात तयार ठेवावा, म्हणजे संभाषण लवकर संपते.

सांखळी आणि डिचोलीवरून मये गाठून पुढे नार्व्याला जावे. बेळगावकराने दिवाडीवर याच बाजूने प्रवेश करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण धक्क्याच्या अलीकडेच श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. गोव्याच्या कदंब राजघराण्याचे हे दैवत आणि त्याच कदंबांची दुसरी राजधानी आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी. देवाचे मूळ स्थान पलीकडे दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीज काळात, १५४० च्या सुमारास, ते देऊळ पाडले गेल्यावर लिंग नदीपार आणले गेले आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने येथील देवळाचा जीर्णोद्धार झाला. तसा शिलालेख दारावर आहे. गोवा सरकारने अलीकडे देवळाची दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. काम चांगले झाले आहे. पूर्वी भिंतींवर जी शेवाळलेली कळा होती ती गेली, याची हळहळ मला वाटली, पण ती पाहुण्याची हळहळ आहे. गळक्या छताखाली पूजा करणाऱ्याला ती परवडणारी नाही.

फेरीबोटीत बदल काहीच नाही, आणि सगळ्या प्रवासात मला निर्भेळ आनंद झाला तो तेथेच. लोखंडी फळी धक्क्यावर आपटते, खलाशी हाताच्या दोन बोटांनी गाड्यांना जागा दाखवतो, पायी आलेली माणसे कठड्याला टेकतात आणि बोलणे रंगेपर्यंत पलीकडचा काठ येतो. पायी माणसाला भाडे पडत नाही. मोटार बोटीवर चढवताना पहिल्याच गिअरमध्ये, क्लच न दाबता आणि फळी ओली असेल तर फार हळू न्यावी. त्याहून उत्तम म्हणजे मोटार नार्व्याच्या बाजूला ठेवून चालत किंवा सायकल घेऊन पलीकडे जावे. बेटावरील रस्ते एका गाडीच्या रुंदीचे आहेत आणि दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते. ती बहुधा पाहुण्यांचीच असते.

आता बेटाविषयी. खाजन शेती अजून आहे. मातीच्या बांधांनी खारे पाणी अडवायचे, मानशीच्या (बांधातील झडपेच्या) दारांनी भरती-ओहोटीचा हिशेब ठेवायचा आणि पावसाच्या गोड्या पाण्यावर कोरगुट भाताचे एक पीक काढायचे, ही पद्धत आम्ही गेलो तेव्हा कापणीच्या रूपाने डोळ्यांपुढे होती. मात्र पडीक तुकडे आधीपेक्षा खूप वाढलेले दिसले. बांध एका जागी फुटला की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते, त्यामुळे चारच जणांनी शेती सोडली तरी उरलेल्यांचे कठीण होते, असे बेटावरील मालार येथील एका वयस्क शेतकऱ्याने सांगितले. त्याची मुले परदेशी आहेत आणि शेजारचे घर दिल्लीच्या कोणी घेतले आहे.

घरांचा हा बदल सर्वांत अधिक जाणवतो. पूर्वी ज्या घरांच्या बलकांवर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यांवर, म्हातारी माणसे बसलेली असत आणि आपण खंयचे म्हणून हटकत, त्यांपैकी कित्येकांना आता पुरुषभर उंचीची कुंपणे, सरकते फाटक आणि कॅमेरा आला आहे. घरे पूर्वीपेक्षा सुंदर राखली आहेत, हे मान्य केले पाहिजे. गळकी कौले, वाळवी लागलेले वासे आता दिसत नाहीत. परंतु वर्षातील बहुतेक दिवस आत पहारेकऱ्याशिवाय कोणी नसते. पिएदादच्या टेकडीवरील चर्चचे आवार आणि त्यालगतच्या दफनभूमीतील छोट्या चॅपेलमधील कदंबकालीन दगडी नक्षी मी दर खेपेला निवांत पाहत आलो आहे. या वेळी तेथे प्री-वेडिंग शूटसाठी तीन जोडपी ओळीने थांबली होती आणि डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. सकाळी आठच्या आत टेकडी गाठावी, नंतर जाण्यात अर्थ नाही.

पुलाची चर्चा अजून चालू आहे. फेरी हीच आमची वेस आहे असे म्हणणारे आणि रात्री आजारी माणसाला न्यायचे कसे असे विचारणारे, दोघेही मला एकाच दुकानात पाव घेताना भेटले. पाहुण्याने या वादात पडू नये.

खाण्यापिण्याबाबत मात्र मी मुळीच सौम्य बोलणार नाही. एका नव्या, फुलझाडांनी सजवलेल्या खाणावळीत फलकावर इसवणापुढे किंमत नव्हती, फक्त "एपीएस" असे लिहिले होते, म्हणजे आकाराप्रमाणे दर. वाढणाऱ्याने मासा दाखवला नाही, आम्ही आग्रह धरूनही वजन सांगितले नाही आणि बिल आले तेव्हा तळहाताएवढ्या एका तुकड्याचे साडेसातशे रुपये लावलेले होते. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की पणजीतही हाच दर आहे. पणजीत तो नाही, हे बेळगावातील कोणताही मासे खाणारा माणूस सांगेल. ज्या फलकावर रुपयांचा आकडा नाही, तेथे बसू नये. धक्क्याजवळच्या साध्या टपरीवरील थाळीत माशाची आमटी आणि तळलेले बांगडे मिळतात, पोट भरते आणि भांडण होत नाही.

मुक्काम केला तो दिवस उत्तम गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये. तसा बेत केला की सगळे लक्ष घड्याळाकडे राहते आणि बेट तोंडाला पाणी लावून परत पाठवते. शनिवार-रविवार टाळावा, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंडेराम हा बेटावरचा झेंड्यांचा उत्सव असतो, तो पाहायचाच असेल तर गाडी जुन्या गोव्यातच ठेवावी आणि फेरीच्या रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या बाजूला स्नानासाठी गर्दी लोटते, त्या दिवशी तो धक्का मोटारवाल्यांच्या कामाचा नाही. शेवटच्या फेरीची वेळ बेटावर उतरतानाच खलाशाला विचारून घ्यावी, कारण ती चुकली तर पलीकडे ठेवलेली मोटार सकाळपर्यंत तेथेच राहते. पाण्याच्या बाटल्या आणि औषधे डिचोलीतच घ्यावीत. टाकी परतताना गोव्यात भरावी, कर्नाटकापेक्षा पेट्रोल स्वस्त पडते. आणि अनमोडमार्गे येणार असाल तर मोले दुपारी तीनच्या आत सोडावे, म्हणजे रामनगरचे जंगल उजेडी मागे पडते आणि रात्रीच्या जेवणाला खानापूर गाठता येते.