कलेक्शनचा फोन आला की आधी कागद मागावा

अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाचा भारतातला सिबिल स्कोअर इथे सहसा कोणी विचारात घेत नाही. घर भाड्याने घेण्यापासून गाडीच्या कर्जापर्यंत सगळे इथल्या कोवळ्या क्रेडिट रिपोर्टवर ठरते आणि त्यावर थकबाकी वसुलीची, म्हणजे कलेक्शनची, एक नोंद पडली तरी स्कोअर चांगलाच घसरतो.

माझ्या ओळखीच्या एका तरुण अभियंत्याचे रक्तचाचणीचे बिल विम्याने नाकारले, ते प्रयोगशाळेने त्याच्या जुन्या पत्त्यावर पाठवले आणि वर्ष उलटल्यावर वसुली कंपनीचा फोन आला की आजच्या आज कार्डाने पैसे भरा. कोणाचे देणे ठेवू नये हा आपल्या घरांतला संस्कार चांगलाच आहे, पण त्याच्याच पोटी आपली माणसे घाबरून फोनवर कार्डाचा क्रमांक देऊन मोकळी होतात, याचे मला फार वाईट वाटते. देणे आपले आहे की नाही, ते आधी ठरायला हवे.

त्यासाठी 1977 चा केंद्रीय कायदा आपल्या बाजूने आहे. पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत वसुली कंपनीने देणे कोणाला द्यायचे आहे, रक्कम किती आणि त्यात व्याज व शुल्क किती धरले, हे कळवावे लागते. या पत्राच्या तळाशी बहुधा फाडून परत पाठवायचा भाग असतो, त्यावर ‘हे देणे माझे नाही’, ‘रक्कम चुकीची आहे’ अशा चौकटी छापलेल्या असतात. ते मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, की पुरावा पाठवेपर्यंत कंपनीला वसुली थांबवावी लागते. आमच्या अभियंत्याने हरकत पोचपावतीच्या टपालाने पाठवली आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीकडे दावा फेरतपासणीसाठी दिला, हे त्याने उत्तम केले.

इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या तिन्ही संस्थांचे अहवाल अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट मिळतात. एकीकडची नोंद दुसरीकडे असेलच असे नाही, म्हणून चुकीची नोंद जिथे जिथे दिसेल तिथे स्वतंत्र तक्रार करावी. तिची चौकशी सर्वसाधारणपणे तीस दिवसांत व्हावी लागते.

देणे खरेच आपले निघाले, तर ते फेडावे. मात्र फेडल्याने नोंद आपोआप पुसली जात नाही. वैद्यकीय बिलांना सवलत आहे: फेडलेल्या बिलांच्या नोंदी या संस्थांनी जुलै 2022 पासून काढल्या आणि 500 डॉलरखालच्या एप्रिल 2023 पासून. बाकीच्या नोंदी मूळ थकबाकीपासून साधारण सात वर्षे राहतात. फिको 8 हे स्कोअर काढण्याचे अजूनही सर्रास वापरले जाणारे सूत्र फेडलेले कलेक्शनही धरते, फिको 9 धरत नाही. म्हणून नोंद काढण्याचे आश्वासन पैसे भरण्याआधी लेखी मागून पाहावे. ते देणे कंपनीवर बंधनकारक नाही, पण काही कंपन्या देतात.

फार जुन्या देण्यात विशेष जपावे. कोर्टात दावा लावण्याची मुदत राज्यागणिक वेगळी असते आणि अनेक राज्यांत थोडीशी रक्कम भरली तरी ही मुदत नव्याने सुरू होते. शिवाय ही देणी एका कंपनीकडून दुसरीला विकली जातात, त्यामुळे हरकतीची प्रत, पोचपावती आणि पैसे भरल्याचा पुरावा भारतात परत गेल्यावरही सांभाळून ठेवावा.