आमची वाटचाल : ‘शेतकऱ्यां’मधला ‘ऱ्य’ आणि एक तपासणी-यादी

लातुरात आमच्याकडे वेबसाइट करून घ्यायला येतात ते आडत दुकानदार, डाळमिलवाले, बी-बियाणे विक्रेते आणि क्लासेसवाले. सगळ्यांची अट एकच : साइट चांगली झाली पाहिजे. ‘चांगली’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवता ठरवता आमची तपासणी-यादी वाढत गेली.

यादीत सगळ्यात वर अक्षरं. मजकूर बहुधा डीटीपीवाल्याकडून येतो, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये. त्या फाइलमध्ये खरं तर मराठी नसतंच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की उरतो कचरा. त्याचं चित्र करून चिकटवणं हा सोपा मार्ग, पण मग अक्षरं कॉपी होत नाहीत, मोबाइलवर बारीक दिसतात आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर गप्प राहतो. म्हणून आधी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर माणसाने वाचावाच लागतो, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो : नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र्‌नंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण मजकूर एका तऱ्हेचा आणि शोधपेटीत टाइप केलेलं दुसऱ्या तऱ्हेचं असेल, तर साइटच्या शोधात ‘काही सापडलं नाही’ येतं. नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने, हे सुटत नाही. आम्ही मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे नुक्त्याचंच रूप करून घेतो. जॉइनर गळाला तर रफार होतो, आणि जेवणाचं निमंत्रण आचाऱ्यांऐवजी आचार्यांना जातं!

पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायची, नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या निदान १.६ पट. अक्षरांत अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते.

वेगाचे आकडे गुगलचे : मुख्य मजकूर २.५ सेकंदांत, टॅपला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, उघडताना पानावरचा मजकूर जागचा हलण्याचं माप ०.१ च्या आत, आणि हे १०० पैकी ७५ भेटींत साधायला हवं. घोडं बहुतेक वेळा स्लाइडरवर, म्हणजे पानाच्या वर आपोआप सरकणाऱ्या फोटोंवर अडतं. मोबाइलने काढलेले चार-चार एमबीचे पाच फोटो, म्हणजे पान उघडताच वीस एमबी. आम्ही फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात, १५० केबीच्या आत आणतो आणि लांबी-रुंदी कोडमध्ये लिहितो. नाहीतर फोटो येताच मजकूर खाली ढकलला जातो. स्लाइडर मुळातच नको, असं आमचं मत. ऑफिसच्या वायफायवर घेतलेली चाचणी धरायची नाही.

फॉर्ममध्ये मराठी कीबोर्डचे अंक तपासायचे. माणूस ९८२२ असे अंक देतो, आणि फक्त इंग्रजी अंक ओळखणारा कोड ‘नंबर चुकीचा’ म्हणून परत पाठवतो. अंक आतल्या आत बदलून घेणं दोन ओळींचं काम आहे. पिवळ्यावर पांढरी अक्षरं कितीही आवडली तरी नाही. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीप्रमाणे नेहमीच्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात ४.५ ला १ एवढा फरक लागतो. पत्त्यात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवसोबत जुनी नावंही ठेवावीत, कारण लोक अजून औरंगाबाद, उस्मानाबाद टाकूनच शोधतात.

साइट सुरू करताना दोन गोष्टी पुन्हा बघायच्या. चाचणीच्या काळात लावलेला ‘नोइंडेक्स’, म्हणजे शोधयंत्रांना ‘हे पान यादीत घेऊ नका’ सांगणारी खूण, काढला का? तो राहिला तर साइट दिसते, पण गुगलमध्ये येत नाही, आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं, डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर आहे का. आमच्या नावावर डोमेन घेणं आम्ही बंद केलं आहे, ग्राहकाने आग्रह केला तरी.